म्हाताऱ्या गिनिपिगचं खाणं कमी झालं, तर

कोथिंबिरीची जुडी सोडताना कागदाचा जो आवाज होतो, तो आमच्या बुंदीला घरात कुठेही असली तरी ऐकू जायचा. लगेच तिची शिट्टी सुरू. एका सकाळी शिट्टी आली, ती धावत जाळीपाशी आली, काडी तोंडात घेतली, दोनदा जबडा हलवला आणि काडी खाली टाकली. पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. तिसऱ्या वेळी नुसतं हुंगून मागे सरली. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओठ वर करून पुढचे दात पाहिले, ते चांगले होते. "वय झालंय तिचं, आता असंच चालायचं," असं ते म्हणाले. मला ते पटलं, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं जेवण कमी होताना आपण पाहिलेलं असतं. पुढचे नऊ दिवस मी तिला काकडीचा गर आणि भिजवून मऊ केलेले पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, देत राहिले. थोडं थोडं ती खात होती, म्हणूनच वाचली. दहाव्या दिवशी हातात घेतलं तेव्हा पाठीचा कणा बोटांना लागला.

त्यानंतर गिनिपिगसारख्या प्राण्यांवर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तिला भूल देऊन तोंड तपासलं. खालच्या डाव्या दाढेला सुईसारखं टोक आलं होतं आणि ते जिभेत रुतत होतं. तिची भूक शाबूत होती. तिला खाता येत नव्हतं.

हे दोन प्रकार वेगळे आहेत, आणि म्हातारा गिनिपिग सांभाळणाऱ्याला सगळ्यात आधी हा फरक ओळखता यायला हवा. गिनिपिग साधारण पाच ते सात वर्षं जगतो, काही आठपर्यंत जातात. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर त्याला म्हातारा म्हणायला हरकत नाही. या वयात तो कमी धावतो, जास्त झोपतो, डोळ्यांत मोतीबिंदूही दिसू शकतो. पण खाणं सोडण्यामागे नुसतं वय नसतं. म्हातारपणी येणारं एखादं दुखणं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच दुखण्यांवर उपाय आहेत.

न थांबणारं पोट

कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर आपण म्हणतो, पोट बिघडलं असेल, राहू दे उपाशी. गिनिपिगच्या बाबतीत हा विचार जिवावर बेततो.

गवत पचवणं अवघड काम आहे. गाय ते पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात आंबवते आणि पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. गिनिपिग हेच काम मागच्या बाजूला करतो. लहान आतडं संपतं तिथे त्याची एक मोठी पिशवी असते. माणसाला त्याच ठिकाणी छोटंसं अपेंडिक्स लटकलेलं असतं. गिनिपिगच्या पोटातल्या एकूण ऐवजापैकी ६५ टक्क्यांपर्यंत ऐवज एकट्या या पिशवीत असू शकतो. तिथे कोट्यवधी जिवाणू गवताचा चोथा आंबवतात आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार करतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून गिनिपिग मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन खातो. पाहणाऱ्याला किळस येते, पण त्याच्या शरीराला ते लागतंच.

हे आतडं पुढे सरकत राहतं ते वरून येणाऱ्या चोथ्याच्या रेट्यावर. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते. आतला ऐवज तिथेच साचतो, चांगले जिवाणू मरतात, वाईट वाढतात, वायू धरतो. वायूने पोट दुखायला लागलं की उरलंसुरलं खाणंही थांबतं. गुरं पाळणाऱ्यांना पोटफुगी म्हणजे काय हे सांगायला नको. लसूण घास हा हिरवा चारा जास्त खाल्लेलं जनावर कसं तडफडतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. गिनिपिगला तर उलटीही करता येत नाही, त्यामुळे वरच्या बाजूने सुटकाच नाही. त्यात उपाशी शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं, ती यकृतात जमते आणि यकृत थकतं. जनावर लठ्ठ असेल तर हे आणखी लवकर होतं. यकृत बिघडलं की भूक खरोखरच मरते.

असं हे दुष्टचक्र आहे, आणि ते दिवसांत नाही, तासांत फिरतं. म्हणून हिशेब सोपा ठेवावा. गिनिपिगने १२ तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा. २४ तास झाले असतील तर ती आणीबाणी आहे, मग रविवार असो की दिवाळी. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं असेल, अंग गार पडलं असेल किंवा तो कोपऱ्यात केस फुलवून, पाठीला बाक काढून, डोळे अर्धे मिटून बसला असेल, तर १२ तासही थांबू नये.

पुढचे दात फसवतात

गिनिपिगच्या तोंडात २० दात असतात. वर दोन, खाली दोन असे पटाशीचे चार दात आपल्याला दिसतात. बाकी सोळा दाढा गालाच्या आत खोल असतात, आणि तोंड इतकं अरुंद की जिवंत, जागा गिनिपिग हातात धरून त्या नीट पाहणं जवळजवळ अशक्य. हे सगळेच्या सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात. माणसाच्या नखांसारखं समजा, फक्त नख कापायला आपण असतो. दाढा झिजवायला गवत लागतं.

गवतात सिलिका असते, म्हणजे वाळूतला घटक. गवताची काडी खाताना जबडा पुढेमागे, पुढेमागे घासत राहतो आणि दाढा एकमेकींवर झिजतात. पेलेट दोन-चार वेळा चावला की त्याचा भुगा होतो, दाढांना काम उरत नाही. जो गिनिपिग वर्षानुवर्षं पेलेट, गाजर आणि काकडीवर वाढला, त्याच्या दाढा हळूहळू उंच होत जातात. उतारवयात जबड्याचे स्नायू दुबळे झाले, सांध्याने दगा दिला किंवा क जीवनसत्त्व कमी पडून दात हिरड्यांत सैल झाले, की दाढा वेड्यावाकड्या झिजायला लागतात. गिनिपिगच्या दाढा मुळातच तिरक्या बसवलेल्या असतात. त्यामुळे खालच्या दाढा न झिजल्या तर त्यांची टोकं आत, जिभेकडे वळतात. कधी कधी दोन्ही बाजूंची टोकं वाढत जाऊन जिभेवर अक्षरशः पूल बांधतात. जीभ खाली अडकते, आणि घास मागे ढकलायला जीभ हलवताच येत नाही. वरच्या दाढांची टोकं बाहेर वळून गाल सोलतात. कधी दाढेचं मूळच उलट्या दिशेने जबड्याच्या हाडात वाढतं, मग खालच्या जबड्यावर बोट फिरवलं तर उंचवटे लागतात.

अशा जनावराची वागणूक ठरावीक असते, आणि ती डॉक्टरांपेक्षा घरच्या माणसाला आधी दिसू शकते. तो खाण्याकडे उत्साहाने येतो. तोंडात घेतो, चावताना डोकं एका बाजूला झुकवतो, टाकतो. सगळ्यात आधी सुकं गवत सोडतो, मग पेलेट, मग गाजरासारखं कडक काही. मऊ पानं आणि काकडी शेवटपर्यंत चालतात. हनुवटी ओली राहते, गळ्याखालचे केस लाळेने चिकटतात. पाण्याच्या बाटलीजवळ ओलं झालं असेल अशी आपली समजूत होते. माझीही झाली होती.

उपाय म्हणजे भूल देऊन, तोंड उघडं धरून दाढा तासणं. त्याआधी डोक्याचा एक्स-रे काढलेला बरा, म्हणजे मुळांची अवस्था कळते. भुलीआधी कुत्र्या-मांजरांना रात्रभर उपाशी ठेवतात. गिनिपिगला उलटी होत नसल्याने तसं ठेवायचं नसतं, आणि ठेवलं तर नुकसानच. हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. ज्यांना हे प्रश्न नेहमीचे वाटतात ते डॉक्टर तुमच्या कामाचे.

हे एकदा करून भागत नाही, हे आधीच सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. वाकडी झिजणारी दाढ पुन्हा वाकडीच वाढते. काही जनावरांना चार आठवड्यांनी, काहींना दोन-तीन महिन्यांनी परत न्यावं लागतं. बुंदीला साधारण सात आठवड्यांनी नेतो. म्हाताऱ्या जनावराला भूल देण्यात धोका असतोच. पण जिभेत रुतलेलं टोक तसंच ठेवण्यातला धोका त्याहून मोठा आहे.

दाढा ठीक असतील, तर

खाण्याकडे धावून येणं आणि खाता न येणं ही तोंडाची खूण. आता दुसरा प्रकार: गिनिपिग येतो, हुंगतो आणि तोंड फिरवतो. किंवा येतच नाही. इथे भूकच दबलेली असते, आणि बहुतेक वेळा वेदनेने.

लघवी करताना तो कण्हल्यासारखा ओरडत असेल, कापडावर लालसर डाग दिसत असेल तर मुतखडा असू शकतो. गिनिपिगचे खडे बहुतांशी कॅल्शियमचे असतात, एक्स-रेत पांढरे स्वच्छ दिसतात. म्हाताऱ्या माद्यांच्या अंडाशयावर पाण्याच्या गाठी होणं तर फारच सर्रास. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ व्हायला लागले की सोनोग्राफी करून घ्यावी. म्हाताऱ्या नरांचा प्रश्न वेगळा. गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल पडतात, मऊ लेंड्या तिथेच साचून गोळा होतो, आणि जी जीवनसत्त्वं त्याने परत खायची ती मिळत नाहीत. हा गोळा कोमट पाणी आणि थोडं खोबरेल तेल लावून रोज किंवा दिवसाआड अलगद काढावा लागतो. किती वेळा ते जनावरागणिक ठरतं. डॉक्टरांकडून एकदा करून दाखवून घ्या.

संधिवाताची मात्र सगळ्यात जास्त उपेक्षा होते. गुडघे दुखणारा गिनिपिग उंच अडकवलेल्या गवताच्या जाळीपर्यंत पोचत नाही, बाटलीसाठी मान वर करत नाही, पिंजऱ्याच्या माडीवर ठेवलेल्या वाटीपर्यंत चढत नाही. आपण म्हणतो, खाणं कमी झालं. गवत त्याच्या तोंडासमोर जमिनीवर पसरा, पाणी जड, उथळ वाटीत द्या आणि एक दिवस पाहा.

याच्या उलट एक प्रकार आहे: भरपूर खातो, तरी वाळत जातो. अशा वेळी थायरॉइड वाढलेलं असण्याची शक्यता रक्त तपासून पाहावी लागते. मधुमेहही होतो, पण कमी. छाती घरघरत असेल, नाकातून पाणी येत असेल तर ते श्वासाचं दुखणं आहे आणि तिथेही पहिली खूण खाणं कमी होणं हीच असते.

आणि जोडीदार गेल्यावर खाणं सोडणं. गिनिपिग कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८च्या नियमांनुसार त्याला एकटं पाळताच येत नाही. बुंदीची जोडीदारीण गेली तेव्हा ती दोन दिवस तिच्या जागेवर बसून राहिली आणि हातातून भरवलं तेवढंच खाल्लं. अशा वेळी शेजारी बसून बोलत राहणं, पिंजरा घरातल्या माणसांच्या वावरात आणणं याचा उपयोग होतो. तरीही दुःखच असेल असं धरून चालू नये. वजन पाहावंच.

काटा

गिनिपिग हा शिकार होणारा प्राणी. रानात आजारी दिसला तर आधी तोच उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या अंगात भिनलेलं आहे. त्यात अंगभर केस. शंभर ग्रॅम कमी झाले तरी डोळ्याला कळत नाही. स्वयंपाकघरात पीठ मोजायला वापरतो तो डिजिटल काटा इथे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपइतका मोलाचा आहे. काट्यावर एक डबा ठेवा, आत रुमाल, आकडा शून्य करा, जनावर बसवा.

मोठी मादी साधारण ७०० ते ९०० ग्रॅम, नर ९०० ते १२०० ग्रॅम. पण या सरासरीपेक्षा तुमच्या जनावराचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. चार वर्षांपर्यंत आठवड्यातून एकदा, पुढे दोनदा, आणि खाण्याची तक्रार असेल तेव्हा रोज, एकाच वेळी मोजा. २०-३० ग्रॅमचा चढउतार पोट आणि मूत्राशय भरलेलं की रिकामं यावर होतोच. ५० ग्रॅमची घसरण झाली तर कारण शोधायला लागा. ८०-९० ग्रॅम गेले असतील तर तो आजारी आहे, तुम्हाला तो कितीही ठीक वाटो.

दुसरी नोंद लेंड्यांची. निरोगी लेंडी गुळगुळीत, फुगीर, लांबट असते आणि दिवसाला शंभराहून जास्त पडतात. त्या लहान, कोरड्या, टोकदार झाल्या किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर आतडं मंदावतंय. आज दिसणारी लेंडी काल-परवाच्या खाण्याची असते, त्यामुळे लेंड्या कमी झाल्याचं लक्षात येईपर्यंत एक दिवस गेलेला असतो.

भरवणं

कारण सापडून उपचार लागू पडेपर्यंत पोट चालू ठेवावं लागतं. ते काम घरच्या माणसाचं, आणि खरी मेहनत इथेच आहे. गवताहारी प्राण्यांसाठी गवताच्या भुकटीची तयार पावडर मिळते, ऑक्सबोचं क्रिटिकल केअर हे त्यातलं माहीत असलेलं नाव. एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी. पावडर हाताशी नसेल तर नेहमीचे पेलेट भिजवून, कुस्करून, पातळ करून एक-दोन दिवस भागवता येतं. नुसतं गाजराचं पाणी, फळांचा रस, दूध, बाळाची सेरेलॅक असं काही देऊ नये. त्यात चोथा नसतो आणि साखर किंवा पीठ असतं. त्याने आतड्यातले वाईट जिवाणूच पोसले जातात.

किती द्यायचं ते डॉक्टर जनावर पाहून ठरवतील. अंदाज म्हणून सांगायचं, तर काहीच न खाणाऱ्या एक किलोच्या गिनिपिगला दिवसभरात ५० ते ६० मिलिलिटर इथून सुरुवात होते. हे पाच-सहा वेळांत विभागायचं, रात्रीची एक वेळ धरून. सुरुवातीच्या तीन रात्री मी अडीचचा गजर लावत होते.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पोट ताणून टणक झालं असेल तर भरवू नका, आधी डॉक्टर. आत वायू किंवा अडथळा असताना वरून ढकललेलं अन्न जीव घेऊ शकतं. आणि कान-पाय गार लागत असतील तर आधी ऊब द्या. गार पडलेलं पोट अन्न पुढे सरकवत नाही. कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवली की पुरे.

मग जनावर टॉवेलमध्ये चारही बाजूंनी गुंडाळून मांडीवर किंवा टेबलावर घ्या, चारी पाय खाली, डोकं नेहमीसारखं सरळ. बाळासारखं उताणं कधीही धरू नका, अन्न श्वासनलिकेत जातं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया म्हाताऱ्या जनावराला झेपत नाही. एक मिलिलिटरची, सुई काढलेली सिरिंज घ्या. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज आत सरकवा आणि अर्धा मिलिलिटर सोडा. जबडा हलताना दिसला, गिळलं, की पुढचं. पूर्ण सिरिंज एका दमात रिकामी करू नका. पहिल्या दिवशी निम्मं टॉवेलवर सांडेल. दुसऱ्या दिवशी तुमचा हात बसेल. आमच्याकडे तर चौथ्या दिवशी बुंदीने सिरिंज दातांत धरून ओढायला सुरुवात केली, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

प्रत्येक वेळी भरवण्याच्या आधी तिच्यासमोर मऊ पानं ठेवायची, स्वतःहून खाते का पाहायचं. भरवल्यावर हनुवटी ओल्या कापडाने पुसायची, नाहीतर कातडी सोलते. थोडं पाणीही सिरिंजने द्या. आणि वेदनाशामक औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर ते चुकवू नका. दुखणं थांबल्याशिवाय भूक परत येत नाही, तुम्ही कितीही भरवलंत तरी.

औषधाच्या दुकानात जाण्याआधी

घरात सर्दी-तापासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप असतंच. लहान मुलाला चालतं, मग याला का नाही, असं वाटणं साहजिक आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या कुळातली बाकीची औषधं, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही गिनिपिगला तोंडावाटे दिली तर विष ठरतात. ती पोटातल्या पिशवीतल्या उपकारक जिवाणूंना मारतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो, त्याचं विष रक्तात उतरतं आणि काही दिवसांत जनावर जातं. ज्या दुखण्यासाठी औषध दिलं ते बरं होत असताना, हगवण लागून.

गरज पडली तर डॉक्टर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फासारखं औषध देतात. कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना गिनिपिग हाताळायची सवय असेलच असं नाही. औषधाची चिठ्ठी हातात आल्यावर "हे पेनिसिलिनपैकी आहे का?" एवढं विचारायला लाजू नका.

पुन्हा गवताकडे

१९०७ साली नॉर्वेमध्ये आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्र्योलिक हे दोघे जहाजावरच्या खलाशांना होणाऱ्या एका आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनिपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. जनावरांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, सांधे सुजले: खलाशांचा स्कर्व्ही जसाच्या तसा. ताजा भाजीपाला दिला की ती सुधारत. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात; माणसाप्रमाणे गिनिपिगलाही ते जमत नाही. माणसाला ते सापडलं यात या जनावराचा मोठा वाटा आहे, आणि आज त्याला घरात आणून हरभरे, पोळीचे तुकडे आणि पेलेट यांवर ठेवणं मला फार लागतं.

निरोगी गिनिपिगला दर किलो वजनामागे रोज १० ते २० मिलिग्रॅम, आजारी किंवा अशक्त असेल तर ३० पर्यंत किंवा डॉक्टर सांगतील तसं त्याहून जास्त क जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की सांधे दुखतात, दात सैल होतात, खाणं आणखी घटतं. पेलेटमध्ये घातलेलं क जीवनसत्त्व उघड्या पाकिटात काही आठवड्यांत बरंचसं निघून जातं. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकायची पद्धत तर मी सोडूनच द्यायला सांगेन. ते पाण्यात लवकर नासतं, आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पितं. त्यापेक्षा ढोबळी मिरची. लाल ढोबळी मिरचीच्या २० ग्रॅमच्या तुकड्यात साधारण २५ मिलिग्रॅम मिळतं, हिरवीत थोडं कमी. पेरूची पातळ फोड उत्तम, पण साखरेमुळे रोज नको. आवळ्यात भरपूर असतं, पण तो आंबटपणा फार थोड्या गिनिपिगना रुचतो. दात दुखणाऱ्याला ढोबळी मिरची किसून द्या. पालकात ऑक्झलेट असतं; मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्या म्हाताऱ्याला तो टाळाच.

बाकी ताटात गवतच हवं, दिवसरात्र, जितकं खाईल तितकं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या कुरणांतून आलेला हा प्राणी आहे, त्याचं शरीर त्यासाठीच घडलंय. परदेशी टिमोथी गवत चांगलं, पण महाग पडतं. आपल्याकडची हराळी, म्हणजे दुर्वाच, ताजी किंवा सावलीत वाळवलेली, बुंदी आनंदाने खाते. गणपतीच्या दिवसांत जुड्या सहज मिळतात, पण स्वच्छ धुवाव्या लागतात. सोसायटीच्या हिरवळीवर फवारणी झालेली असते, तिथलं आणू नका. पावसाळ्यात ओल्या गवताचा ढीग आतून गरम होतो आणि आंबतो. त्यातून पोटफुगी होते, आणि वाळलेल्याला बुरशीचा वास आला तर ते सरळ फेकून द्या. कडब्याची कडक ताटं म्हाताऱ्या तोंडाला टोचतात. लसूण घासेत कॅल्शियम जास्त, म्हणून एरवी नको. मात्र फार वाळलेल्या आणि खड्याची तक्रार नसलेल्या जनावराला डॉक्टर कधी कधी थोडे दिवस मुद्दाम देतात.

उन्हाळ्याचा उल्लेख केल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. २७-२८ अंशांच्या वर गिनिपिगला उकाडा सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-खानदेशात काय, पुण्यातही घरातलं तापमान त्याच्या वर असतं. खाणं कमी झालं आणि तो अंग पसरून धापा टाकत असेल तर उन्हाचा त्रास समजा. बसायला गार फरशी, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली, पिंजऱ्यावर ओलं सुती कापड. कूलरचा थेट झोत नको.

आणि जेव्हा जमत नाही

दाढांची मुळं जबड्यात खोल वाढली असतील, तासल्यावर दोन आठवडेही खाणं टिकत नसेल, दिवसाला सहा वेळा भरवूनही काटा खालीच जात असेल, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोलावं. आधी पूर्ण भूल, मग इंजेक्शन. त्याला काही कळत नाही. कधी, हे ठरवायला मला डॉक्टरांनी सांगितलेली एक साधी पद्धत उपयोगी वाटली. आपल्या जनावराच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहून ठेवायच्या. बुंदीच्या: कागदाच्या आवाजाला शिट्टी, दुपारी माझ्या पायाशी टेकून झोपणं, मिरचीचा लाल तुकडा. त्यातल्या दोन बंद झाल्या आणि उपचाराने परत आल्या नाहीत, तर तिच्यासाठी थांबायचं, माझ्यासाठी ताणायचं नाही.

ती आता सात वर्षं आणि चार महिन्यांची आहे. तिन्ही अजून चालू आहेत. आज सकाळी तिचं वजन ८१४ ग्रॅम भरलं, गेल्या गुरुवारपेक्षा सहाने कमी. कोथिंबिरीची पानं तिने स्वतः खाल्ली, काड्या मी कात्रीने बारीक करून दिल्या.